पलीकडच्या बाजूचं पाणी

सर, तुम्ही सांगितलेलं एक काम माझ्याकडे राहून गेलं होतं. ते आता झालं आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊनच इतकी वर्षं झाली की तेव्हा तान्ही असलेली माझी मुलगी आता स्वतःच्या पोरांच्या डब्यांची घाई करते. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. पण काम सांगणाऱ्याला काम झाल्याचं कळवायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. कुणाला खडू आणायला पाठवलंत आणि तो खडू टेबलावर ठेवून गुपचूप जागेवर जाऊन बसला, तरी तुम्ही त्याला परत उभं करायचात. "आणला म्हणून सांग की बाबा, मला काय मागे डोळे आहेत?" तर सर, आणला. मी तुमच्या दहावीच्या वर्गातली, मोहल्ल्यातून येणारी, तुम्हाला गुडघाभर चिखलात घालणारी मुलगी. एवढी ओळख पुरे असावी.

आपली शाळा खाडीच्या अलीकडे आणि तुमचं घर पलीकडे. पूल नव्हता, होडी होती, आणि होडी पाण्यावर अवलंबून. पाणी भरलेलं असलं की तुम्ही धक्क्याच्या पायरीवर उतरून कोरड्या चपलांनी वर्गात यायचात. ओहोटीला होडी लांबच थांबायची आणि मधे नुसता गाळ. त्यामुळे आपल्या शाळेत एक रिवाज होता, तो मी पुढे कुठल्याच शाळेत पाहिला नाही. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि सुविचार असायचाच, पण त्याखाली आजच्या भरतीची वेळही लिहायची. ते काम आळीपाळीने आम्हा पोरांकडे. हिशेब सोपा होता: आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. कोकणातल्या कुणाही म्हाताऱ्याला हे येतं, पण तुम्ही ते विज्ञानाच्या तासाला आणलंत आणि त्याच हिशेबावर स्वतःची घरी जायची होडी ठरवायला लागलात. दहावीच्या पोरांच्या गणितावर रोज घरी जाणारा माणूस म्हणजे तुम्ही एकटेच.

माझी पाळी आली त्या दिवशी मी घरी विचारलं, आज काय आहे? आमच्या घरात तिथी कुणाला ठाऊक? दादीने बोटांवर मोजून चांद सांगितला, चांदची पाचवी की सहावी. मी तिचीच पाऊणपट केली आणि सुवाच्य अक्षरात फळ्यावर वेळ लिहिली. तुम्हाला त्या दिवशी घरी काही काम होतं. तुम्ही भरतीच्या आधीच निघायचं ठरवलंत आणि माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून मधल्या सुट्टीनंतर होडीत बसलात. खाडीत अजून पुरतं पाणी आलंच नव्हतं. होडी मधेच गाळात रुतली. तुम्ही उतरलात, चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि अख्खी शाळा कुंपणाला लटकून बघतेय. एक पाय काढला की दुसरा जातोय. मी वर्गात जाऊन बाकाखाली बसले होते, हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी सांगितलंच असणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत. "कुठल्या हिशेबाने लिहिलंस?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, चांदच्या. तुम्ही असे हसलात की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग फळ्यावर दोन ओळी काढल्यात. एक तिथीची, अमावास्या संपली की सुरू होणारी. दुसरी चांदची, आकाशात कोर दिसल्यावर सुरू होणारी. कोर दिसायला एखाददुसरा दिवस जातोच, म्हणून आमची तारीख नेहमी मागे. "चंद्र एकच आहे गं, मोजायला बसण्याची वेळ तेवढी वेगळी. तुझा चांद सोडू नकोस. त्यात एक-दोन मिळव आणि मग पाऊणपट कर." वर्गात सगळे हसत होते, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्या घरातली गोष्ट फळ्यावर लिहिण्यासारखी असते. तो आनंद अजून तसाच आहे, हे मला सांगितलंच पाहिजे.

त्याच भरात मी हात वर केला आणि विचारलं, "सर, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते. चंद्र तर एकच आहे. मग दिवसातून दोनदा भरती कशी? चंद्र पलीकडच्या बाजूला असतो तेव्हा आपलं पाणी का चढतं?" तुम्ही खडू हातात घेऊन फळ्याकडे वळलात. पृथ्वीचा गोल काढलात, चंद्र काढलात, एका बाजूचं पाणी फुगवलंत. दुसऱ्या बाजूला हात नेलात आणि थांबलात. मग आमच्याकडे वळून म्हणालात, "मला माहीत नाही." चाळीस पोरांसमोर. आमच्या कुणाच्याही बापाने आमच्यासमोर असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. नंतरच्या महिन्यात तुम्ही सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजच्या लायब्ररीत त्यासाठी जाऊन आलात. सोमवारी वर्गात तुम्ही ती हकीकत नक्कल करून सांगितलीत. दारावरच्या माणसाने विचारलं, मेंबर आहात का? तुम्ही म्हणालात, नाही, मी शाळामास्तर आहे. तो म्हणाला, मग शाळेत जा. आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात. पण तास संपल्यावर मला बोलावून म्हणालात, "ती पुस्तकं आतल्या लोकांसाठी असतात. तू कॉलेजात जाशील तेव्हा तू आतली होशील. तेव्हा हे विचार आणि मला येऊन सांग. मला खरंच जाणून घ्यायचंय."

मी कॉलेजात गेले नाही. कुणी मला कोंडून ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर लोक लगेच हळहळायला लागतात. स्थळ चांगलं होतं, मुलगा आखातात नोकरीला होता, फोटोत बरा दिसत होता, आणि मला विमानात बसायचं होतं. मी आनंदाने लग्न केलं आणि तो आनंद बहुतेक टिकलाही. तुम्ही लग्नाला भर दुपारी होडीने आलात आणि आहेर म्हणून एक भिंतीवरचं कॅलेंडर दिलंत, ज्यात तिथीही होती आणि चांदही. मांडवात कुणाला काही कळेना, आपण दोघं मात्र हसत होतो. ते कॅलेंडर मी परदेशातल्या स्वयंपाकघरात वर्षभर लावलं होतं. तिथे खाडी नव्हती, होडी नव्हती. भाच्याच्या शाळेचा निकाल कळवणाऱ्या भावाच्या पत्रात खाली एका ओळीत तुम्ही गेल्याचं कळलं. मी भाकरी थापत होते. ती भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली आणि मग रडले. तुम्हाला आता जाऊन काही सांगायचं उरलं नाही, असं मी धरून चालले.

आता आम्ही नवी मुंबईत, सीवूड्सला राहतो. नवऱ्याने परत आल्यावर रबाळ्याला एसीच्या सुट्या भागांचं गोदाम टाकलं, त्यात जम बसला. मुलगी करंजाड्याला असते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. आमच्या खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. खाली सोसायटीतली माणसं तिथले फ्लेमिंगो बघायला दुर्बिणी घेऊन जातात, मी पाणी बघते. एकदा मुलगी रविवारी आली असताना मी तिला सहज तुमची गोष्ट सांगितली, चिखलासकट. ती हसली आणि तिने मोबाइलवर प्रश्न टाकला. दोन-दोन ओळींची उत्तरं आली ढीगभर. त्यातलं एकही पटेना. सगळ्यांनी पृथ्वीच्या दोन्ही बाजूंचं पाणी फुगवून दाखवलं होतं आणि दुसऱ्या बाजूपाशी येऊन सगळे तुमच्यासारखेच थांबले होते, फक्त तुमच्यासारखं कबूल करत नव्हते. मग मुलगी म्हणाली, "अम्मी, तुला उत्तर नकोय, तुला वर्ग पायजे." आणि तिने एका दूरच्या देशातल्या विद्यापीठाचं पान उघडून दिलं. अख्खा भौतिकशास्त्राचा कोर्स. प्राध्यापक वर्गात शिकवतायत त्याचे व्हिडिओ, त्यांनी मुलांना दिलेल्या नोट्स, गृहपाठ, गृहपाठाची उत्तरं, परीक्षेचे पेपरसुद्धा. मी विचारलं, आत कसं जायचं? ती म्हणाली, "तू आतच आहेस. उघडंच ठेवलंय त्यांनी. नावपण द्यायला लागत नाय." मी म्हटलं, मग त्यांना कळणार कसं मी आलेय ते? "नाय कळणार. बस आणि बघ."

सर, मला तेव्हा तुमच्या त्या दारावरच्या माणसाची इतकी आठवण झाली! आमच्या घरातही एक दारावरचा माणूस निघालाच. नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा. "फुकट कोन देतो एवढं? पुढं ओटीपी मागतील बघ. अकाउंट साफ." मी म्हटलं, मागितला तर तुम्हाला विचारूनच देईन. पुढचा आठवडाभर तो रोज संध्याकाळी गोदामातून आला की पहिला प्रश्न हाच: "मागितला?" नाही मागितला. अजूनही नाही. हळूहळू त्यालाच त्या फुकटपणाची गंमत वाटायला लागली. त्याच्या गोदामातला हिशेबनीस जेवणाच्या सुट्टीत असाच कुठल्या तरी विद्यापीठाचा संख्याशास्त्राचा कोर्स ऐकतो, हे त्याला तेव्हा कळलं. आणि माझी मुलगी लॅबमधल्या मशिनी ज्या तपासण्या करतात त्यांच्यामागचं विज्ञान तशाच एका उघड्या वर्गातून शिकलीय, हे आम्हाला दोघांनाही तेव्हाच कळलं. अवतीभवती एवढी माणसं कानात बोंडं घालून गाणी ऐकतायत असं मला वाटायचं. त्यातली काही वर्गात बसलेली असतात.

मी भरतीच्या पाठापासून सुरू केलं नाही. तुमच्या वर्गात मधूनच पुस्तक उघडलेलं चालत नसे. पहिल्या पाठापासून बसले. सकाळी नवरा गेला की मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवायचा आणि बसायचं. इंग्रजीची भीती होती, पण खाली अक्षरं येतात आणि बोलण्याचा वेगही कमी करता येतो. मी तो पाऊणपट ठेवते. चौथ्या पाठात गणित अंगावर आलं तेव्हा मी मोबाइल पालथा घातला आणि दोन दिवस लोणची घातली. मग शोधलं तर आपल्याच देशातल्या एका मोठ्या संस्थेने पायाचं गणित तसंच उघडं टाकलेलं. शिकवणारे सर आपल्यासारख्या इंग्रजीत, मधेच "समझे ना?" म्हणत शिकवतात. तिथे जाऊन गणित घोटलं आणि परत आले. एका विहिरीचं पाणी कमी पडलं तर दुसरीवर जावं, कुणी रहाट अडवत नाही. परदेशातल्या प्राध्यापकांच्या कोटाला खडूची पूड लागलेली असते, हे बघून मला फार बरं वाटलं. त्यांच्या वर्गातली पोरं मूर्ख प्रश्न विचारतात, त्यानेही बरं वाटलं. शेवटच्या बाकावरचा एक तर दर पाठात झोपलेला. मी त्याच्यावर इथून खेकसते. एवढ्या मोठ्या विद्यापीठात शिरायला काय काय करून आला असशील मेल्या, आणि झोपतोस? आणि इथे मी, भाकरी करपवून जागी!

तुम्ही विचाराल, मग यात उणीव काहीच नाही का? आहे. हे मोबाइलमधले सर रागवत नाहीत. मला समजलं नाही तरी त्यांना कळत नाही, मी मान डोलावली तरी ते पुढे, नाही डोलावली तरी पुढे. तुम्ही तसं करू द्यायचा नाहीत. एकदा तुम्ही "समजलं?" विचारलंत आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात "हो सर" म्हटलं. तुम्ही मला पुढे बोलावलंत. "ये, ह्या भिंतीला समजाव." मला दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. तेव्हा तुम्ही खरंच रागावलात. "मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला तुझ्या शब्दांत सांगता आलं, आणि त्याने मान डोलावली नाही, उलट प्रश्न विचारला, म्हणजे समज तुला समजलं." मला तेव्हा ते फार लागलं होतं. आता या उघड्या वर्गात तोच एक राग मला कामी आला. प्राध्यापकांचा भरतीचा पाठ मी पाच-सहा वेळा ऐकला, गृहपाठ सोडवला, उत्तरंही जुळली. पण भिंतीला सांगायचं बाकी होतं.

भिंत म्हणून मी शेजारच्या ताईंना धरलं. त्या इथल्याच, खाडीवरच्या गावातल्या. सासरची शेतं शहर वसवताना सरकारने घेतली, त्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर इमारत उभी राहिली, आता मुलगे बिल्डर. ताई दुपारी माझ्याकडे येतात, मी वर्गात असले तर तांदूळ निवडत बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. चंद्राचं आकर्षण, पृथ्वीच्या केंद्रावरचं आकर्षण, त्यातला फरक, दोन्हीकडचा फुगवटा. ताई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "भाभी, तू विंग्रजीन समजलीस ती समजलीस. माज्या डोक्यान काय नाय गेला. पलीकडं पानी कोन खेचतं? तिकरं काय दुसरा चांद हाय?" मी परत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पानी दोनदा वर चरतं ना? मंग चरू दे की! कारन कशाला पायजे तुला?" तुम्ही विचारायला लावलंत म्हणून पाहिजे, हे त्यांना कसं सांगणार? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नुसतं उत्तर तर आता कुणालाही मिळतं. पण मला ते सांगता येत नसेल, तर मी तुम्हाला काय नेऊन देणार होते?

मग एका रविवारी आम्ही तिघं स्टेशनाजवळच्या मॉलमध्ये गेलो. नवऱ्याला बूट घ्यायचे होते, ताईंना थंड हवेत चालायचं होतं. आत गेल्यावर लांब टोकाला फालुद्याचं दुकान दिसलं. नवऱ्याला साखर आहे. डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. पण फालुदा दिसला की याचे पाय आपोआप वेग घेतात. तो सरळ सुटलाच. मी त्याच्या मागे, अगदीच नको असं नाही, पण लगबगीनेही नाही. आणि ताई सगळ्यात मागे, त्यांना फालुद्यात काडीचा रस नाही, केवळ आम्ही चाललो म्हणून चाललेल्या. मी मधे थांबून पाहिलं तर पुढे नवरा लांब गेलेला आणि मागे ताई लांब राहिलेल्या. दोन्हीकडे सारखंच अंतर पडलेलं. आणि सर, मी तिथेच, फरशीच्या मधोमध, "या अल्ला!" म्हणून ओरडले. लोक बघायला लागले. नवरा धावत परत आला, त्याला वाटलं मी पडले.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही मागे का राहिलात?"

"गुरगं दुखतान गं, आनि मना तो फालुदा नको," ताई गुडघे चोळत म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी मागे ओढलं?"

"मना कोन ओढील? मी पन इकरंच येत व्हती. तुमी जोरान गेलाव, मी रायली मागं."

हेच ते. फालुद्याचं दुकान म्हणजे चंद्र. नवरा म्हणजे चंद्राकडचं पाणी, सगळ्यात जवळ, सगळ्यात जास्त ओढलेलं. मी म्हणजे पृथ्वी. आणि ताई म्हणजे पलीकडच्या बाजूचं पाणी. त्यांना मागे कुणीच ओढत नाही. त्याही चंद्राकडेच निघालेल्या असतात, फक्त कमी ओढीने. पृथ्वी पुढे सरकते, ते पाणी मागे राहतं, आणि मागे राहिलेलं पाणी म्हणजेच दुसरी भरती. पृथ्वी दिवसात एकदा गिरकी घेते, म्हणून आपली खाडी एकदा नवऱ्याच्या बाजूने जाते आणि एकदा ताईंच्या. मी हे सगळं तिथल्या बाकावर बसून, हातवारे करून सांगितलं. ताई ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली नाही. त्यांनी विचारलं, "मंग सूर्या बी खेचत असंल ना? त्याचा काय?" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला आणि सोडेना. नवऱ्याने त्या गडबडीत फालुदा खाऊन घेतला.

पण मनात पाल चुकचुकत होती. माझं उदाहरण बरोबर होतं का? की चांदच्या हिशेबासारखं, सुवाच्य अक्षरात चुकीचं? यावेळी चिखलात कोण जाणार होतं? कोर्सच्या त्या पानावर तळाशी लिहिलेलं होतं की कुणाला काही चूक आढळली, काही सुचवायचं असलं तर कळवा. मी आधी मराठीत लिहून काढलं, मुलीने इंग्रजीत नीट केलं. फालुद्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला, शेवटी फालुदाच लिहिलं. मी शेवटी प्राध्यापकांना असंही लिहिलं की तुमच्या वर्गात मी बसते हे तुम्हाला माहीत नाही, तरी रागावू नका. पाठवून दिलं आणि मग लाजून चूर झाले. एवढ्या मोठ्या माणसाला मॉलच्या गोष्टी! नवरा म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? जास्तीत जास्त काय, हसतील." मला त्याचंच तर टेन्शन होतं.

काही दिवसांनी उत्तर आलं. प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं होतं. उदाहरण बरोबर आहे, म्हणाले. किनाऱ्याचा आकार, खाडीची खोली यांनी वेळा मागेपुढे होतात हे मात्र जोडायला हवं, आणि ते त्यांनी एका वाक्यात जोडूनही दिलं. ते वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, ताईंना दाखवलं, मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "अम्मी, तू रडतेयस का?" रडत होते. पुढे त्यांनी विचारलं होतं, हे उदाहरण आम्ही त्या पाठाच्या नोट्समध्ये घालू का? घातलं तर ते सगळ्यांचं होईल. कुणीही वाचेल, उतरून घेईल, आपल्या भाषेत नेईल, आपल्या वर्गात सांगेल, आणि कुणाला अडवता येणार नाही. तुमची हरकत नाही ना? सर, मला हरकत? मी आयुष्यभर लोकांना लोणची वाटली, मुरंबे वाटले, बरण्या रिकाम्या होऊन परत आल्या. हे एकच असं निघालं की वाटलं तरी माझ्याकडचं कमी झालं नाही. मला वाटतं, म्हणूनच ती माणसं आपले वर्ग असे उघडे ठेवतात. त्यात उपकार फार नाहीत. एकटं राखून ठेवण्यात मजा नाही एवढंच असावं. आणि उघडं ठेवलं की कधीमधी सीवूड्सहून कुणीतरी फालुदाही आणून देतं.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, उदाहरणाखाली नाव काय लिहायचं? नवरा म्हणाला, "तुजं नाव लिव. आनि माजं पन लिव, फालुदा मी खाल्ला." मी दोन दिवस घेतले. मग नाव कळवलं. गेल्या आठवड्यात ते पान बदललेलं दिसलं. भरतीच्या पाठात, दुसऱ्या फुगवट्याच्या चित्राशेजारी तीन माणसं चाललेली काढलीयत, आणि त्याखाली तुमचं नाव आहे, सर. पुढे विज्ञान शिक्षक, आणि आपल्या गावाचं नाव. खाली एका परक्या मुलीने लिहिलंय की हे वाचून पहिल्यांदा डोक्यात शिरलं, या शिक्षकांचे आभार. मी तुम्हाला न विचारता केलंय हे, आणि चूक वाटली तरी दुरुस्त करणार नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही, माझ्याच मोबाइलमध्ये राहील. एवढंच सांगायचं होतं की तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं, हे मी त्यांना कळवलेलं नाही.